अनारशाची जाळी

आमच्या घरात सर्वांच्या आधी म्हातारा झाला तो मी नव्हे, माझा मोबाइल. विमा कचेरीतून निवृत्त होऊन मला चार वर्षे झाली, पण अजून मी रोज सकाळी पर्वती चढून येतो. या गृहस्थाला मात्र रात्रभर खुराक द्यावा, तरी दुपारचे बारा वाजले की हा मान टाकतो! नवा होता तेव्हा दोन दोन दिवस न कुरकुरता चालत असे. आताही सकाळी तो ‘शंभर टक्के’ असा आकडा मोठ्या ऐटीत दाखवतो. पण ते शंभर म्हणजे निवृत्त साहेबाच्या रुबाबासारखे. रुबाब तोच, हुकूम कोणी ऐकत नाही.

ही तक्रार मी शेजारीपाजारी, बागेतल्या बाकावर, भाजीवाल्यापाशी, सर्वांपाशी करीत असे. फक्त एका व्यक्तीपाशी करीत नसे. ती म्हणजे माझी धाकटी लेक. वास्तविक ती ऐकण्याचा खरा अधिकार तिचाच. कारण बॅटरी अधिक वर्षे टिकावी यासाठी तिच्यात कोणता पदार्थ घालावा, या विषयावर ती एका विद्यापीठात संशोधन करते आहे. हे तिचे सहावे वर्ष.

बोलणे बंद होण्याचे कारण मीच. तीन दिवाळ्यांमागे, फराळाच्या ताटावर, मी तिला म्हणालो होतो, “तुझ्या बरोबरीच्या मुलींची बिऱ्हाडं थाटून झाली, आणि तू अजून भुकट्या ढवळीत बसली आहेस. तीन वर्षं पाण्यात घातलीस!” तिने उत्तर दिले नाही. हातातली करंजी तशीच ताटात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने निघून गेली. पुढच्या दिवाळीला ती आलीच नाही. “प्रयोग मध्येच सोडता येत नाही,” असे तिने फोनवर आईला सांगितले. मला सांगितले नाही.

गेल्या दिवाळीला मात्र आली. वसुबारसेच्या संध्याकाळी दारात उभी राहिली, माझ्या पायांना हात लावला, “बरे आहात ना बाबा?” असे विचारले आणि सरळ स्वयंपाकघरात गेली. मी बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र उघडले. आमच्या दोन खोल्यांत असे अंतर ठेवून वावरणे ही सोपी गोष्ट नाही, वाचक हो. पण सवयीने जमते.

आत अनारशांचा घाणा चालू होता. अनारसे करणे ही आमच्या मंडळींच्या मते पाककला नसून परीक्षा आहे. तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचे, सावलीत पसरून जरा ओलसर असतानाच कुटायचे, गुळात मळून चांगले मुरू द्यायचे आणि मग खसखशीवर थापून तुपात सोडायचे. साधले तर वर सुरेख जाळी पडते. बिघडले तर अनारसा तुपात पडल्याबरोबर पसरतो, फुटतो, त्याचा चुरा होतो. याला आपल्याकडे ‘अनारसा हसला’ असे म्हणतात. कोणाला हसतो हे करणारीला बरोबर समजते.

“हसले मेले!” आतून त्रासिक आवाज आला.

आणि त्यापाठोपाठ दोन वर्षांत मी ऐकला नव्हता तो माझ्या लेकीच्या हसण्याचा आवाज. “आई, अगं माझंही अगदी हेच होतं!”

“तुझं काय हसतं?”

“कथिल.”

“कल्हईचं कथिल?”

“तेच गं.”

मी वर्तमानपत्राचे पान उलटले, पण वाचत नव्हतो. आत लेक आपल्या आईला बॅटरी समजावून सांगत होती. आणि जे मला सहा वर्षांत कळले नव्हते, कारण मी कधी विचारलेच नव्हते, ते झाऱ्याच्या आवाजात कानांवर पडू लागले.

ती म्हणाली, मोबाइलच्या बॅटरीत दोन मुक्काम असतात आणि त्यांच्यामध्ये लिथियमचे विद्युत्‌भारित कण वारकऱ्यांसारखे ये-जा करतात. आपण बॅटरी भरतो तेव्हा ते एका बाजूच्या ग्रॅफाइटमध्ये जाऊन बसतात. वापरतो तेव्हा परत दुसऱ्या बाजूला जातात. ग्रॅफाइट म्हणजे पेन्सिलीतलेच शिसे म्हणतो ते. त्याचे पापुद्रे एकावर एक रचलेले असतात, आणि पाहुणे आले की ते थोडे सरकून घेतात. सगळे मिळून दहाव्या हिश्शाइतकेच फुगते. म्हणून ते टिकाऊ. तरीही प्रत्येक वारीत थोडे वारकरी वाटेतच अडकून पडतात. ग्रॅफाइटच्या अंगावर हळूहळू एक पापुद्रा साठतो, त्यात लिथियम गुंतून बसते, आणि वर्षागणिक दिंडी लहान होत जाते. उन्हाने, उष्णतेने हे अधिक लवकर घडते.

माझा मोबाइल मी रोज दुपारी खिडकीतल्या उन्हात ठेवतो, हे मला आठवले. पण मी गप्प राहिलो.

“मग यात कथिल कशाला आलं?” मंडळींनी विचारले.

“कारण ग्रॅफाइटचं पोट लहान. वजनाला वजन घेतलं तर सिलिकॉन नावाचा पदार्थ त्याच्या जवळजवळ दहापट लिथियम ठेवून घेतो. कथिलही ग्रॅफाइटपेक्षा पुष्कळ अधिक घेतं. पण इतके पाहुणे आल्यावर घर फुगतं! सिलिकॉन जवळजवळ चौपट होतं. कथिल तिपटीहून जास्त. पाहुणे गेले की पुन्हा आक्रसतं. असं दहा वेळा, वीस वेळा झालं की त्याला भेगा पडतात, तुकडे सुटे होतात, आणि सुट्या तुकड्याला वीज पोचत नाही. पार भुगा. तुझे अनारसे एका क्षणात हसतात, माझं कथिल महिनाभर रडवून हसतं. गेल्या वर्षी दिवाळीत तेच चाललं होतं.”

म्हणजे ती आली नव्हती तेव्हा. मी चष्मा काढून पुसला.

“मग यावर उपाय?”

“उपाय तुझ्या कढईत आहे. हे बघ.” तिने बहुधा आपल्या मोबाइलवरचे एखादे छायाचित्र दाखवले असावे, कारण लगेच मंडळी उद्गारल्या, “अगंबाई! ही तर अनारशाची जाळी!”

“जाळीच. फक्त ही धातूची आहे. केसाच्या जाडीत अशी हजारो भोकं मावतील, इतकी बारीक. धातू असा जाळीदार केला की फुगायला आतच जागा मिळते. त्याचे धागे फुगतात, भोकं लहान होतात, पण बाहेरचं घर मोडत नाही.”

“आणि एवढी बारीक भोकं पाडतेस कशानं? सुईनं?”

“पाडायची नाहीत, आई. पडू द्यायची. दोन धातू एकत्र वितळवायचे आणि मग त्यातला एक विरघळवून काढायचा. मी कथिलात मॅग्नेशियम घालते आणि मग ते काढून टाकते. पण सगळ्यांत जुना, सगळ्यांत अभ्यासलेला प्रकार सोन्याचा. सोनं आणि चांदी एकत्र वितळवायची, नत्राम्लात टाकायची...”

“तीनास एक!” मी बाहेरून ओरडलो.

स्वयंपाकघर गप्प झाले. झारा थांबला. मी वर्तमानपत्र बाजूला ठेवून दारात जाऊन उभा राहिलो. “चांदी तीन भाग, सोनं एक भाग,” मी म्हणालो. “चांदी कमी पडली तर तेजाब आत शिरतच नाही. फार झाली तर सोन्याचा भुगा होतो. बरोबर?”

लेक माझ्याकडे पाहतच राहिली. “बाबा, हे तुम्हांला कसं ठाऊक?”

आता हे सांगणे मला भाग होते. आणि ते मी कोणालाच सांगितले नव्हते. छत्तीस वर्षांच्या संसारात मंडळींनासुद्धा पुरते नाही.

माझे वडील गलाईवाले होते. सांगली जिल्ह्यातला आमचा खानापूर-आटपाडीकडचा मुलूख पावसाचा नाही. पोटासाठी तिथली माणसे पिढ्यान्‌पिढ्या देशभर पांगली आणि गावोगावच्या सराफ गल्ल्यांच्या मागे मुशी पेटवून बसली. जुन्यापान्या, मिसळीच्या सोन्यातून शुद्ध सोने काढून द्यायचे, हा त्यांचा धंदा. आप्पांचे दुकान कोइमतूरला होते. दुकान कसले, सहा फुटांची एक अंधारी खोली. आप्पा सोन्यात तिप्पट चांदी घालून मुशीत वितळवीत, तो रस पाण्यात ओतून त्याची कणी पाडीत आणि ती कणी तेजाबात उकळीत. लालसर तपकिरी धूर निघे. चांदी विरघळून जाई. तिच्या पाण्यात तांब्याच्या पट्ट्या टाकून ती परत मिळवीत. आणि भांड्याच्या तळाशी उरे तो तपकिरी गाळ. चकाकी नाही, पिवळेपणा नाही. पावसाळ्यात अंगणात साचतो तसला चिखल.

१९७० सालच्या मे महिन्याच्या सुटीत मी आप्पांकडे गेलो होतो. नऊ वर्षांचा होतो. एके दिवशी आप्पा पेढीवर गेले असताना, त्यांना खूश करावे म्हणून मी दुकान झाडले, पाटा पुसला आणि एका भांड्याच्या तळाशी राहिलेला चिखल मोरीत ओतून भांडे राखेने लख्ख घासून ठेवले.

ते आठ तोळे सोने होते. आणि ते आमचे नव्हते.

आप्पा परत आले. भांड्याकडे पाहिले, मोरीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. मग काही न बोलता खाली बसले आणि मोरीची फरशी उचकटू लागले. तीन दिवस ते तो गाळ उपसत होते. वाळवीत, जाळीत, झारेकऱ्यांसारखे पाटीत घेऊन पुनःपुन्हा धूत होते. तिसऱ्या रात्री त्यांनी जमलेली भुकटी मुशीत घातली, भाता मारला, आणि त्या मातकट गाळातून पिवळा रस डोळे उघडावेत तसा उघडला. मला जवळ ओढून म्हणाले, “बघ लेकरा. रंगाव जाऊ नगं. आतली चांदी निघून गेलीया, म्हनून त्ये असं दिसतंय. पर सोनंच हाय त्ये.”

अर्धा तोळा गेला तो गेलाच. तो त्यांनी पुढे वर्षभर पेढीला फेडला. मला त्यांनी एक चापटसुद्धा मारली नाही, आणि पुढे जन्मात कधी त्या गोष्टीचा उल्लेखही केला नाही.

त्याची परतफेड मी काय केली? मी शिकलो, कचेरीत चिकटलो, आणि कोणी विचारले तर “वडिलांचा सराफीचा व्यवसाय होता” असे सांगू लागलो. तेजाबाने पिवळी पडलेली त्यांची बोटे माझ्या लग्नात त्यांनी उपरण्याखाली झाकून धरली होती, आणि ती दिसली नाहीत म्हणून मला बरे वाटले होते! त्यांची अखेरची वर्षे खोकल्यात गेली. त्या धुराने छातीची पार चाळण केली होती. सगळीच जाळी काही चांगली नसते.

हे सारे सांगून झाले तेव्हा तूप कढईत धुरावू लागले होते. मंडळींनी शेगडी बंद केली. लेक ओट्याला टेकून उभी होती. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “बाबा, आजोबांचा तो चिखल अजून संपलेला नाही. तो जगातल्या विद्यापीठांत अभ्यासाचा विषय आहे.”

मग तिने मला, थेट मला, समजावून सांगितले. चांदी विरघळली की उरलेल्या सोन्याने खरे तर पृष्ठभागावर थर धरून तेजाबाची वाट बंद करायला हवी होती. पण तसे होत नाही. तेजाब आत आत बोगदे खणत जाते. का? २००१ साली ‘नेचर’ या नियतकालिकात बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील जोना अर्लेबाकर आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी याचा उलगडा मांडला. शेजारची चांदी निघून गेली की सोन्याचे अणू एकाकी पडतात. एकाकी पडलेली माणसे करतात तेच ते करतात. सरकत सरकत एकमेकांजवळ जातात आणि घोळका करतात. ते घोळक्याने जमले की मधली जागा उघडी पडते, तिथून तेजाब पुढच्या थरातली चांदी उचलते, पुन्हा सोने एकत्र येते. असे होता होता सगळ्या धातूची जाळी बनते. छिद्रे मिलिमीटरच्या लाखाव्या हिश्शाएवढी. इतक्या बारीक जाळीत प्रकाशही वेगळा वागतो. म्हणून सोने तपकिरी दिसते.

“म्हणजे आप्पा बरोबर सांगत होते!” मी म्हणालो.

“अगदी बरोबर. फक्त त्यांना जाळी नको होती, म्हणून ते ती वितळवून टाकीत. आम्हांला जाळीच हवी असते.”

आणि जाळीचा उपयोग काही आजचा नाही, असेही तिने सांगितले. मरे रेनी नावाच्या अमेरिकन इंजिनियराने १९२० नंतरच्या दशकातच निकेलमध्ये ॲल्युमिनियम मिसळून, ते कॉस्टिक सोड्याने विरघळवून, स्पंजासारखे निकेल तयार केले होते. ते कशासाठी? तर सरकीचे तेल हायड्रोजन घालून घट्ट करण्यासाठी! म्हणजे वनस्पती तुपाचीच गोष्ट. दाराबाहेर गरगरणाऱ्या इन्व्हर्टरची बॅटरी घ्या. भरलेल्या स्थितीत तिची एक पट्टी स्पंजासारख्या सच्छिद्र शिशाची असते. आपण जाळीवर तळतो, जाळीवर दिवे लावतो, आणि आपल्याला पत्ता नसतो.

“मग सांग ना कारखान्याला, घाला म्हणावं तुझं कथिल मोबाइलमध्ये,” मंडळी म्हणाल्या. आयांचा स्वभाव!

लेक हसली. तिने आपल्या मालाची खोड स्वतःच सांगितली, आणि मला तिचा हा गुण फार आवडला. जाळी म्हणजे पुष्कळ पृष्ठभाग. आणि जितका पृष्ठभाग अधिक, तितके लिथियम त्या पापुद्र्यात गुंतून वाया जायची भीती अधिक. शिवाय मधली पोकळी जागा अडवते. किती पोकळी ठेवायची, किती भरायचे, याचा मेळ बसला तरच ते टिकणार, आणि मग ते स्वस्तातही करता आले पाहिजे. प्रयोगशाळेतल्या बटणाएवढ्या बॅटरीपासून बाजारापर्यंतची वाट लांब असते.

“किती लांब?” मी विचारले. जुन्या सवयीने प्रश्न तोंडातून गेला, आणि लगेच जीभ चावली.

पण ती रागावली नाही. “जॉन गुडइनफ म्हणून एक शास्त्रज्ञ होते,” ती म्हणाली. “त्यांनी ऑक्सफर्डला १९८० साली या बॅटरीची एक बाजू शोधली. तशी बॅटरी बाजारात आली १९९१ साली. त्यांना नोबेल मिळालं २०१९ साली, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांच्याबरोबर. तेव्हा त्यांचं वय सत्त्याण्णव होतं, बाबा.”

“म्हणजे मला अजून पुष्कळ वर्षं पर्वती चढायला हवी,” मी म्हणालो. आणि तीन वर्षांत पहिल्यांदा आम्ही दोघे मिळून हसलो. अनारशांसारखे नव्हे, माणसांसारखे.

त्या रात्री मला झोप आली नाही. मी आयुष्यभर घट्टपणाला टिकाऊपणा समजत आलो. घर कसे, घट्ट. शिस्त कशी, घट्ट. मुलांच्या वयाचे कोष्टक कसे, घट्ट. या वर्षी परीक्षा, त्या वर्षी नोकरी, पुढल्या वर्षी लग्न. आत बोट शिरायला जागा नाही. आणि पोरीच्या मनात एखादी मोठी इच्छा शिरून ते फुगू लागले, तेव्हा माझ्या या भरीव घराला भेग पडली. तुकडा सुटा झाला, आणि सुट्या तुकड्याला वीज पोचेना. उलट, त्या सहा फुटांच्या अंधाऱ्या खोलीतला माझा अशिक्षित बाप! आठ तोळे सोने मोरीत ओतणाऱ्या पोरालाही त्याच्या मनात जागा होती. ती कशी झाली असेल? काय काय विरघळून गेले असेल त्या माणसाचे, तेव्हा कुठे ती झाली असेल?

भाऊबिजेच्या दिवशी लेक परत निघाली. जाण्यापूर्वी मी तिला विचारले, “भेग पडल्यावर बुजवायचा काही उपाय निघाला आहे का गं तुमच्यात?” मला वाटते, मी कथिलाबद्दलच विचारीत होतो.

“आहे,” ती म्हणाली. “२०१९ साली फिलाडेल्फियाला, पेनसिल्व्हानिया विद्यापीठातल्या एरिक डेट्सी यांच्या गटानं लिथियमऐवजी मॅग्नेशियमच्या बॅटरीसाठी गॅलियम वापरून पाहिलं. गॅलियम तळहातावर ठेवलं तरी वितळतं, तीस अंशांच्या आतच. चाळीस अंशांवर त्यांचा प्रयोग होता. मॅग्नेशियम आत शिरलं की ते घट्ट होतं, बाहेर पडलं की पुन्हा पातळ. घट्ट असताना भेग पडली, तरी पातळ झाल्यावर ती आपोआप बुजते.”

“म्हणजे अधूनमधून वितळावं लागतं.”

“हो बाबा. फक्त थोडंसं.”

तिने पिशवीतून वही काढली आणि म्हणाली, “आजोबांचं प्रमाण पुन्हा एकदा सांगा. आणि कणी किती बारीक पाडायचे तेही.” मी सांगत गेलो, ती लिहीत गेली. आप्पांची विद्या विद्यापीठाच्या वहीत उतरत होती. त्यांनी ती बोटे आता उपरण्याखाली झाकली नसती.

आत मंडळी डब्यात अनारसे भरीत होत्या. दुसरा घाणा उत्तम साधला होता. प्रत्येक अनारशावर सुबक जाळी. त्या एकावर एक दाबून, कोपरे हेरून भरू लागल्या, तसा मी पुढे होऊन त्यांचा हात धरला.

“अहो, इतका गच्च भरू नका,” मी म्हणालो. “लांबचा प्रवास आहे. थोडी जागा राहू द्या.”